जुनी दुर्मीळ मॅजिक कार्डं सापडली तर: आधी काय, मग काय

'मॅजिक: द गॅदरिंग' या जमवून खेळायच्या कार्डांच्या खेळाची जुनी कार्डं घरात सापडली की बहुतेक जण ठरलेल्या क्रमाने चुकतात. आधी ओल्या फडक्याने पुसतात. मग मोबाइलवर भाव शोधतात आणि आकडा पाहून डोळे पांढरे करतात. मग कार्ड जपायचं म्हणून चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणतात. ते खरं आहे का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी पडतो. खरं असलं तरी तोवर त्याची माती झालेली असते.

योग्य क्रम जवळपास उलटा आहे: हाताळणी, निवड, आवृत्ती, खरं-खोटं, अवस्था, साठवण आणि मग भाव. डबा काकांनी अमेरिकेहून आणलेला असो, संभाजीनगरच्या हॉस्टेलवरून घरी आलेला असो की ऑनलाइन गटातून 'जुना लॉट' म्हणून घेतलेला असो, पायऱ्या त्याच.

## आधी हे जमवा

१. दहा पट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग. ओळखीच्या सराफाकडून तासाभरासाठी मिळतं. तीस किंवा साठ पटीचं असेल तर उत्तम.

२. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा. हाही सराफाकडे असतो. कार्ड त्याच्या दुकानात न्यायचं असेल तर गर्दीची वेळ टाळा.

३. मऊ प्लॅस्टिकच्या साध्या स्लीव्ह आणि कडक प्लॅस्टिकचे टॉपलोडर. लातूर, परभणी, बीडकडे दुकानात हे सहसा मिळत नाही, ऑनलाइन मागवा. शाळेच्या ओळखपत्राचं पाकीट हा पर्याय नाही. ते बहुधा पीव्हीसीचं असतं आणि उन्हाळ्यात कार्डाला चिकटतं.

४. तुलनेसाठी त्याच काळातली दोन-चार खात्रीची, स्वस्त कार्डं. १९९४-९५ ची साधी जमीन-कार्डं (लँड, म्हणजे खेळात ऊर्जा देणारी) चालतील. ती एखाद्या जुन्या खेळाडूकडून घ्या. संशय त्याच डब्यावर असताना त्याच डब्यातलं कार्ड साक्षीला धरण्यात अर्थ नाही.

५. वही. प्रत्येक निवडलेल्या कार्डाला क्रमांक द्या आणि पुढे जे दिसेल ते त्याच्यासमोर लिहा.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे घालू नका, त्यांचे धागे कोपऱ्यात अडकतात. पंखा बंद करा, कूलर चालू असेल तर दुसऱ्या खोलीत बसा.

इशारा: खोडरबर, सॅनिटायझर, ओला टिश्यू, सेलोटेप आणि फेविकॉल या खोलीत येऊ देऊ नका. कार्ड म्हणजे कागदाचे थर आहेत. पाणी आत शिरलं की ते फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत.

## टप्पा १: डबा उघडणे

रबरबँड ओढून काढू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर वितळून कडेला चिकटतं आणि ओढलं की शाईसकट निघतं. कात्रीने कापा. जो तुकडा चिकटलेला राहील तो राहू द्या.

माळवदाच्या घरात पेटी असेल तर वरून पडलेली बारीक माती कार्डांत शिरलेली असते. ती बोटाने पुसली की पृष्ठभागावर ओरखडे उठतात. कॅमेऱ्याच्या लेन्सवर हवा मारायचा रबरी फुगा मिळतो, त्याने उडवा. तो नसेल तर कोरड्या मऊ ब्रशने एकाच दिशेने झटका. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

एकमेकांना चिकटलेली कार्डं सुटी करायचा मोह आवरा. गठ्ठा तसाच पिशवीत ठेवून बाजूला ठेवा. कसर किंवा वाळवीची खूण दिसली तर तेवढा भाग वेगळ्या डब्यात बंद करा. डांबरगोळ्या असतील तर काढून टाका. त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं आणि वास तर वर्षानुवर्षं जात नाही.

ओल जाणवली तर उन्हात वाळत घालू नका. रंग उडेल आणि कार्ड वाकेल. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत काही दिवस ठेवा.

## टप्पा २: चाळणी

इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. लोक ड्रॅगनचं मोठं चित्र असलेली कार्डं बाजूला काढतात आणि जमीन-कार्डांचा ढीग रद्दीच्या पिशवीत घालतात. रिव्हाइज्ड आवृत्तीतला शिवन ड्रॅगन दिसायला दणकट आहे, पण त्याच आवृत्तीतल्या दुहेरी जमिनींपुढे (दोन रंगांची ऊर्जा देणारी जमीन-कार्डं) त्याला काही किंमत नाही. या खेळात ताकद चित्रात नसते. फुकट किंवा जवळपास फुकट ऊर्जा, जास्तीची पानं, जास्तीची पाळी देणारं कार्ड ताकदवान असतं.

आधी ही नऊ नावं शोधा: ब्लॅक लोटस, मॉक्स पर्ल, मॉक्स सफायर, मॉक्स जेट, मॉक्स रूबी, मॉक्स एमराल्ड, अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल, टाइम वॉक, टाइमट्विस्टर. यांनाच 'पॉवर नाइन' म्हणतात. लोटस शून्य खर्चात उतरतं आणि स्वतःचा बळी देऊन एकाच रंगाची तीन 'माना' (कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा) देतं. रिकॉल एका निळ्या मानावर तीन पानं ओढू देतं. टाइम वॉक दोन मानांवर अख्खी पाळी जास्तीची देतं. आजही व्हिंटेज या खेळण्याच्या प्रकारात यांची एकेकच प्रत चालते. लेगसी प्रकारात नऊही बंद आहेत, कमांडर प्रकारात फक्त टाइमट्विस्टर चालतं.

खरं सांगायचं तर घरातल्या डब्यात हे नऊ निघण्याची शक्यता नगण्य आहे. निघण्याजोगं घबाड म्हणजे दहा दुहेरी जमिनी: टुंड्रा, अंडरग्राउंड सी, बॅडलँड्स, टायगा, सव्हाना, ट्रॉपिकल आयलंड, व्होल्कॅनिक आयलंड, स्क्रबलँड, बायू, प्लॅटू. दिसायला अगदी साधी, मजकूर दोन-तीन ओळींचा. १९९४ च्या रिव्हाइज्डमध्येही त्या छापल्या गेल्या, म्हणून अजून कुठे कुठे सापडतात.

त्यानंतर लायब्ररी ऑफ अलेक्झांड्रिया, बझार ऑफ बगदाद, मिश्राज वर्कशॉप, द टॅबरनॅकल अ‍ॅट पेंड्रेल व्हेल, व्हील ऑफ फॉर्च्युन, लायन्स आय डायमंड, मॉक्स डायमंड, गेआज क्रेडल ही नावं पाहा. यातली शेवटची तीन १९९६ ते १९९८ मधली आहेत. म्हणजे 'फार जुनं वाटत नाही' म्हणून बाजूला टाकली जाणारी.

ही सगळी कार्डं 'रिझर्व्ह्ड लिस्ट'वर आहेत. स्पर्धेत चालणाऱ्या रूपात ती पुन्हा छापणार नाही, असं विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९६ मध्ये जाहीर केलं आणि २०१० मध्ये त्यातली पळवाटही बंद केली. भाव टिकण्याचं मुख्य कारण हेच.

निवडलेलं प्रत्येक कार्ड लगेच स्लीव्हमध्ये घाला. पुढच्या तपासण्यांपुरतंच बाहेर काढा.

तपासा: जमीन-कार्डांचा ढीग एकेक नाव वाचून चाळला का? चित्र पाहून नाही, नाव वाचून.

## टप्पा ३: आवृत्ती ठरवणे

नाव सापडलं म्हणजे अर्धंच काम झालं. एकाच नावाचं कार्ड एका आवृत्तीत लाखांचं आणि दुसऱ्या रूपात निव्वळ शोभेचं असू शकतं. हा क्रम मोडू नका.

१. बॉर्डरचा रंग. अल्फा आणि बीटा (दोन्ही १९९३) काळ्या बॉर्डरच्या. अनलिमिटेड (डिसेंबर १९९३) आणि रिव्हाइज्ड (१९९४) पांढऱ्या. पॉवर नाइन रिव्हाइज्डमध्ये नाहीत. त्यामुळे पांढऱ्या बॉर्डरचं खरं मॉक्स अनलिमिटेडचंच असणार.

२. कोपरे. अल्फाचे कोपरे बीटापेक्षा ठळकपणे जास्त गोल असतात. शेजारी दुसरं कार्ड ठेवल्याशिवाय नजरेवर विसंबू नका. अगदी चौकोनी कोपरे असतील तर ती 'कलेक्टर्स एडिशन' आहे: मागे सोनेरी चौकट आणि तसा मजकूर. खरी छपाई, पण स्पर्धेत चालत नाही आणि भाव बराच कमी.

३. तळाची ओळ. अल्फापासून इंग्रजी रिव्हाइज्डपर्यंत चित्रकाराचं नाव असतं, वर्ष नसतं. १९९५ च्या चौथ्या आवृत्तीपासून वर्ष दिसतं. इंग्रजी दुहेरी जमिनीवर वर्ष छापलेलं असेल तर संशय धरा.

४. चौकटीची कड. अनलिमिटेडमध्ये रंग गडद आणि आतल्या चौकटीला उतरती, उठावदार कड असते. रिव्हाइज्डमध्ये रंग फिका, धुतल्यासारखा आणि ती कड नाही. दुहेरी जमिनींच्या बाबतीत हा फरक पाहाच, भावात मोठं अंतर आहे.

५. चिन्ह. चित्राखाली उजवीकडे वाकडी तलवार म्हणजे अरेबियन नाइट्स, ऐरण म्हणजे अँटिक्विटीज, खांबाचा माथा म्हणजे लेजंड्स. पण चिन्ह आहे आणि बॉर्डर पांढरी, असं दिसलं तर ते १९९५ च्या 'क्रॉनिकल्स'चं पुनर्मुद्रण आहे. इथे भले भले फसतात.

६. भाषा. अल्फा, बीटा, अनलिमिटेड फक्त इंग्रजीत निघाल्या. इटालियन किंवा जर्मन ब्लॅक लोटस कुणी देऊ केलं तर नमस्कार करा आणि निघा. मात्र रिव्हाइज्ड इटालियन, फ्रेंच, जर्मनमध्येही आली, त्यातही काळ्या बॉर्डरची छपाई आहे. परभाषेतली दुहेरी जमीन दिसली म्हणून खोटी ठरवून फेकू नका.

२०२२ मध्ये कंपनीने तिसाव्या वर्षानिमित्त चार पाकिटांचा संच ९९९ डॉलरला विकला. त्यात ही जुनी नावं आहेत, पण मागची बाजू वेगळी आहे आणि ती स्पर्धेत चालत नाहीत. 'नवीकोरी बीटा' म्हणून फिरणाऱ्या फोटोंत मागची बाजू दाखवत नाहीत, ती मागून घ्या.

## टप्पा ४: खरं की खोटं

एका चाचणीवर निकाल देऊ नका. सगळ्या करा, खात्रीच्या कार्डाशेजारी ठेवून करा आणि वहीत लिहा. प्रत्येक चाचणीला चकवणारी बनावट कार्डं बाजारात आहेत, सगळ्या चाचण्या एकत्र चकवणारी फार थोडी.

मागची बाजू, भिंगाखाली. मागे मधोमध पाच रंगांचे गोल आहेत. हिरव्या गोलात भिंगातून पाहा. खऱ्या कार्डात चार बारीक लाल ठिपके इंग्रजी 'एल'च्या आकारात दिसतात. आधी खात्रीच्या कार्डावर ते शोधायची सवय करा, मग संशयितावर जा. सगळ्या चाचण्यांत माझा पहिला भरवसा हिच्यावर आहे.

छपाईचे ठिपके. चित्रात रंगीत ठिपक्यांची फुलासारखी नियमित रचना दिसली पाहिजे. काळी अक्षरं मात्र सलग आणि धारदार हवीत, कारण काळी शाई वेगळ्या थरात छापलेली असते. अक्षरंही ठिपक्यांनी बनलेली दिसली तर कुणीतरी कार्ड स्कॅन करून छापलेलं आहे.

उजेड. कार्डामागे मोबाइलचा टॉर्च धरा. खऱ्या कार्डाच्या आत निळसर थर असतो, त्यामुळे उजेड बेताने गळतो. भसकन उजेड आला किंवा काहीच आला नाही तर संशय धरा. बॅटरी आणि अंतर दोन्ही कार्डांना सारखंच ठेवा.

वजन आणि माप. माप ६३ बाय ८८ मिलिमीटर, वजन साधारण पावणेदोन ग्रॅम. आकड्यापेक्षा तुलनेच्या कार्डाशी किती फरक पडतो ते बघा. उंची-रुंदी कमी भरली तर झिजलेली कड लपवायला कापलेलं असू शकतं. बीटाचे कोपरे गोल कापून अल्फा म्हणून विकणारेही आहेत.

कड. भिंगातून चारही कडा बघा. स्वस्तात मिळणाऱ्या कलेक्टर्स एडिशनचा पुढचा भाग सोलून त्याला साध्या खऱ्या कार्डाची मागची बाजू डकवतात आणि बीटा म्हणून खपवतात. पुढची छपाई खरी, मागचीही खरी, म्हणून पहिल्या दोन चाचण्या ते सहज पार करतं. पण कडेला जोड दिसतो, जाडी वेगळी लागते आणि वजन चुकतं.

इशारा: कार्ड वाकवून बघायची, पाण्याचा थेंब टाकायची आणि कोपरा फाडायची चाचणी व्हिडिओत दिसते. तुलनेच्या पाच रुपयांच्या कार्डावर हवी तर करा. संशयित कार्डावर कधीही नाही, ते खरं निघालं तर?

## टप्पा ५: अवस्था

ट्यूबलाइटखाली कार्ड तिरपं धरून हळूहळू फिरवा. सरळ बघितलं की दोष लपतात. कोपऱ्यांवरची पांढरी झीज, कडेचे टवके, ओरखडे, नखाचे खड्डे, घडी, पाण्याचा फुगारा, याच क्रमाने नोंदवा. घडी एकच आणि बारीक असली तरी अवस्था एकदम खाली जाते.

काळ्या बॉर्डरच्या कार्डात एक लबाडी तपासा: झिजलेल्या कडेवर मार्करने काळं केलेलं असतं. तिरप्या उजेडात ती शाई वेगळी चमकते आणि भिंगात कागदाच्या तंतूंत उतरलेली दिसते. असं कार्ड 'बदललेलं' समजलं जातं. स्वतःच्या कार्डावर हा उद्योग करू नका, आहे ती किंमतही जाईल.

दोन मोजपट्ट्यांचा घोळ लक्षात ठेवा. अमेरिकेत नियर मिंट (जवळपास नवंकोरं) नंतर लाइटली प्लेड (थोडं खेळलेलं) येतं. युरोपातल्या कार्डमार्केट या विक्रीच्या संकेतस्थळावर नियर मिंटनंतर एक्सलंट, मग गुड आणि त्यानंतर लाइट प्लेड. नावं सारखी ऐकू येतात, पण युरोपातलं 'लाइट प्लेड' बरंच खाली आहे. अमेरिकन भाषेत वर्णन करून युरोपातला भाव लावला की भांडण ठरलेलं.

## टप्पा ६: आपल्या हवेत जपणूक

स्लीव्हमध्ये कार्ड, स्लीव्ह टॉपलोडरमध्ये, टॉपलोडरच्या तोंडावर रंगाऱ्यांची कागदी टेप. टेपचं टोक दुमडून ठेवा म्हणजे काढताना ओढाताण होत नाही. टॉपलोडरमध्ये नुसतं, स्लीव्हशिवाय कार्ड घालू नका, आत-बाहेर सरकताना पृष्ठभाग घासतो. गोल कड्यांच्या फायलीत पहिल्या काही पानांवर कड्यांचा वळ उमटतो, तीही टाळा.

जागा निवडताना मे महिना डोळ्यांसमोर आणा. पत्र्याखालची खोली, पोटमाळा आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट बाद. मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा बरा, पण जमिनीला टेकून नाही. डेझर्ट कूलरची हवा दमट असते. दुपारभर कोरड्या चाळीस-बेचाळीस अंशांत आणि रात्री कूलरच्या ओलीत, अशी रोजची ये-जा कार्ड वाकवते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल एवढ्याने हे बरंच आटोक्यात येतं. पावसाळा लागण्याआधी पुड्या बदला.

बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल तरी हवाबंद डब्यातच ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. ओल लागून खराब झालेल्या कार्डाची भरपाई त्यात धरू नका.

## टप्पा ७: भाव

आता मोबाइल काढा. स्क्रायफॉल या संकेतस्थळावर नाव टाकून तुमचीच आवृत्ती निवडा, चित्र जुळवा. मग टीसीजीप्लेअर, कार्डमार्केट आणि ईबे यांवर त्याच आवृत्तीचा, त्याच अवस्थेचा भाव बघा. ईबेवर 'विकले गेलेले' हा पर्याय निवडायचा. मागितलेल्या किमतीला अर्थ नाही, कुणीही काहीही मागू शकतं.

बातमीतला आकडा विसरा. जानेवारी २०२१ मध्ये एक अल्फा ब्लॅक लोटस ५,११,१०० डॉलरला गेलं हे खरं. पण त्याला पीएसए या कार्डं तपासून अवस्था ठरवणाऱ्या कंपनीचा १० ग्रेड होता आणि तिच्या सीलबंद डबीवर चित्रकार ख्रिस्तोफर रश यांची सही होती. माळ्यावरच्या पेटीतल्या कार्डाशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही.

## टप्पा ८: ग्रेडिंग, विक्री, पाठवणी

पीएसए, बेकेट किंवा सीजीसीकडे कार्ड पाठवलं तर ते तपासून, ग्रेड देऊन सीलबंद डबीत परत येतं. परदेशी कुरिअर, विमा, फी आणि परत येतानाचा सीमाशुल्काचा प्रश्न धरला तर हे फक्त पॉवर नाइन आणि चांगल्या अवस्थेतल्या दुहेरी जमिनींनाच परवडतं. कागदपत्रं आणि कर यासाठी आधी सीएला विचारा, पार्सल गेल्यावर नाही. डबीत बंद कार्ड विकत घेताना डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. डब्यासुद्धा बनावट येतात.

गिऱ्हाईक सहसा पुण्या-मुंबईचं किंवा हैदराबादचं निघतं. विकताना पुढची बाजू, मागची बाजू, चारही कोपरे आणि तिरप्या उजेडातला एक फोटो द्या. शेजारी आजची तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवा. विकत घेताना नेमकं हेच मागा. चिठ्ठी लिहायला का-कू करणाऱ्याकडे कार्ड नसतं.

प्रत्यक्ष भेट बँकेच्या शाखेत ठेवा. देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसने निघालात तर कार्ड सीटखालच्या बॅगेत नको, अंगावर ठेवा. कुरिअर करायचं असेल तर टॉपलोडर दोन पुठ्ठ्यांमध्ये, वर पाणी न शिरणारी पिशवी, मग खोका. पॅकिंग करताना सलग व्हिडिओ काढा.

समोरच्याने क्यूआर कोड पाठवून 'स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील' म्हटलं तर व्यवहार तिथेच तोडा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्यात रक्कम जमा झालेली दिसेपर्यंत टॉपलोडर हातातून सोडू नका.